पाळण्याखालचे दोन हात

माझी विहीण वसुधाबाई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. लग्नाच्या बैठकीतच मी हे हेरलं होतं. आमचे हे म्हणाले, "जानकी, तुझ्या मनात मेले वाकडेच विचार कसे येतात गं?" येतात तर येतात! मुलीची आई आहे मी. मुलीच्या आईनं सरळ विचार करून कुणाचं भलं झालंय?

छप्पन्न सालची गोष्ट. माझी क्षमा पहिल्या बाळंतपणाला मुलुंडहून आमच्याकडे अंधेरीला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही विचारायचंच नसतं. मुलगी झाली. इवलीशी, गोरीपान, पण रडायची म्हणजे काय, आळी डोक्यावर घ्यायची. बाळाला तेल लावायला शेवंती यायची. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. ती पाय पसरून बसायची, बाळाला आडवं घ्यायची, इकडचा हात तिकडच्या पायाला लावायची, आणि पोर टाहो फोडायची. "लई रडकी गं बाई तुझी नात," शेवंती म्हणायची. मी म्हणायची, "मुलुंडच्या आजीवर गेली असेल."

बाराव्या दिवशी बारसं. वसुधाबाई मुलाला आणि चार बायकांना घेऊन आल्या. मुलगा म्हणजे आमचे जावई, अनंतराव. माणूस सोन्यासारखा, पण आईपुढे तोंड उघडेल तर शपथ. पाळणा सजवलेला, घुगऱ्या शिजलेल्या, सगळं झकास जमलं होतं. पाळण्याच्या अलीकडे मी उभी, पलीकडे विहीणबाई. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळाला मी पाळण्याखालून द्यायचं, त्यांनी घ्यायचं, मग त्यांनी वरून द्यायचं, मी घ्यायचं. रीतच आहे ती. बायका हसत होत्या. मी खालून बाळ पुढे केलं, विहीणबाईंनी हात घातले, आणि पोर किंचाळली.

ती रोजची रड नव्हती. क्षमा आतल्या खोलीतून तशीच धावत आली. बाळाची उजवी मांडी बघता बघता सुजली आणि पाय लुळा पडला. नाव ठेवायचं होतं माणिक, ते कानात सांगायचंही राहिलं.

"तुम्ही सोडलाच नाहीत पाय," वसुधाबाई मला म्हणाल्या.

"मी दिलं होतं नीट. तुम्ही हिसकलंत!"

तोंडातून निघून गेलं खरं. मुलीच्या आईनं वरमाईला, भरल्या घरात, चारचौघींसमोर असं बोलायचं नसतं. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं ना. म्हणजे, बघितलं असं मला वाटत होतं. पाळण्याखाली चार हात होते आणि एक पोर होती. मी नव्हे, तर मग राहिलं कोण?

मग त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या शेवंतीवर गेली. ती बिचारी चोळीचा खण घ्यायला आली होती. "हिनंच आधी मोडून ठेवलं असणार," वसुधाबाई म्हणाल्या. शेवंती मटकन खाली बसली आणि पोटच्या पोरांच्या शपथा घ्यायला लागली. मी तिची बाजू घेतली, आणि घेता घेता माझ्याच मनात पाल चुकचुकली. सकाळी हिनं बाळाला पायांना धरून उलटं केलं होतं. रोजच करते. पण आज जरा जोरात केलं का?

वसुधाबाई उठल्या. आवाज एवढासा, पण सुरीसारखा. "क्षमाला राहायचं तर राहू दे. मुलगी आम्ही नेणार. वरचं दूध घालू. ज्या घरात पोराचं हाड मोडतं, त्या घरात पोर ठेवायचं नसतं. मला पुरतं ठाऊक आहे हे."

क्षमानं बाळाला असं छातीशी धरलं की मलाच भीती वाटली, आणखी एखादं हाड मोडायचं. "आई, मी देणार नाही," एवढंच ती म्हणत राहिली. मी अनंतरावांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बघा म्हणावं, आज कुठला सण आहे ते!

आमचे हे मधे पडले आणि आळीतल्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी पायाला फळी बांधली आणि म्हणाले, उद्या पार्ल्याला जाऊन एक्सरे काढा.

"काढाच," वसुधाबाई म्हणाल्या. "कुणी मोडलंय ते त्या फोटोत दिसेल. मग बोलू मुलीचं."

आता हसू येतं, पण तेव्हा कुणी हसलं नाही. आम्हा सगळ्यांनाच वाटलं की दिसत असेल. आतलं हाड दिसतं तर त्यावरची बोटं का नाही दिसणार? चोराचे ठसे पोलीस घेतात ना, तसंच. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. माझी बोटं दिसली तर? मी काही केलं नव्हतं, पण धरलं तर होतंच की. आणि फोटोला काय कळणार, धरलेलं कुठलं आणि मोडलेलं कुठलं?

दुसऱ्या दिवशी घोडागाडी करून पार्ल्याला गेलो. क्षमा बाळाला मांडीवर घेऊन, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वसुधाबाई. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण घराबाहेर! पण बाळाला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. शेवंतीलाही आणा, असं वसुधाबाईंनी बजावलं होतं. ती पुढे गाडीवाल्याशेजारी बसून डोळे पुसत होती. अनंतराव सायकलवरून मागनं आले.

एक्सरेवाल्या डॉक्टर बाई होत्या, शुभा तळपदे. तरुण, चष्मेवाल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांनी आमच्यातल्या कुणालाच आत घेतलं नाही, फक्त क्षमाला घेतलं. क्षमा नंतर सांगत होती, गार टेबलावर बाळाला ठेवलं, हातापायांवर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवल्या आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतः जड झगा घालून तिचं डोकं धरलं. मोठ्या माणसाला श्वास धरा म्हणता येतं, हिला काय सांगणार? रडता रडता ती श्वास घ्यायला थांबे, तेवढ्यात ते बटण दाबायचं.

थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या. हातात चिमट्यांना लटकलेली ओली फिल्म, खाली पाणी टपकतंय. ती त्यांनी दिव्याच्या काचेपुढे धरली. बघता बघता त्यांचा चेहरा कडक झाला.

"ह्या मुलीला कोण मारतं?" त्यांनी विचारलं.

देवा रे!

"मांडी काल मोडलीय," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या पायालाही मोडल्याची खूण आहे. इथे दंडाला आहे. ह्या दोन बरगड्यांना आहे. तेरा दिवसांच्या मुलीला एवढं कसं लागलं? खरं काय ते सांगा, नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल."

वसुधाबाई पुढे झाल्या. इतक्या शांत, जणू ह्याच क्षणाची वाट बघत होत्या. "बाई, मी हे आधी पाहिलंय. माणूस म्हणतो, मी नुसतं धरलं, मी काही केलं नाही. सगळे असंच म्हणतात. मुलीला माझ्याकडे द्यायला सांगा ह्यांना."

शेवंती जमिनीवर डोकं टेकून रडत होती. क्षमा माझ्याकडे बघत होती. माझ्या पोटच्या पोरीनं माझ्याकडे तसं बघावं? तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं, आई, तू तर नाहीस ना? आणि खोटं कशाला बोलू, मीही तिच्याकडे तसंच बघत होते. रात्री झोपेत अंगाखाली तर नाही ना घेतलंस बाळाला? एका फोटोनं आम्हा मायलेकींची वाट लावली. त्या घटकेला कुणी येऊन सांगितलं असतं की अंधेरी स्टेशनमास्तरनं येऊन मोडलं, तर मी त्याच्यावरही संशय घेतला असता.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाकावर बसवलं. फिल्म सुकल्याशिवाय शेवटचं सांगणार नाही, म्हणाल्या. ओल्या फिल्मवर मोडलेलं तेवढं दिसतं, हाडाचा पोत दिसत नाही. मधे त्यांनी बाळाच्या डोक्याचा आणखी एक फोटो काढला. आम्ही बसलो. एका बाकावर मी आणि क्षमा, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. ती जागा मी अजून विसरले नाही.

दुपारी त्यांनी बोलावलं तेव्हा बाईंचा आवाजच बदलला होता. सुकलेल्या फिल्मा काचेवर ओळीनं लावलेल्या. "इकडे या सगळ्या. तुम्हीही या," त्या शेवंतीला म्हणाल्या. "ही दुसऱ्या पायाची खूण बघा. हाड मोडून परत जुळलंय, वर घट्ट गाठ आलीय. इतकी जुनी गाठ तेरा दिवसांत येत नाही. हे मोडलं तेव्हा मुलगी आईच्या पोटात होती."

"पोटात?" मी म्हटलं. "पोटात कोण जाणार मोडायला?"

"कुणीच नाही. हिची हाडं जन्मतःच ठिसूळ आहेत. कवटीचं हाडसुद्धा तुकड्यातुकड्यांचं, पातळ आहे. फार क्वचित आढळतं हे. कूस बदलताना मोडेल, दुपटं बांधताना मोडेल. काल पाळण्याखाली मोडलं. कुणी मोडलं नाही, मोडलं." मग त्या क्षमाकडे वळल्या. "मघाशी मी बोलले ते मनातून काढून टाका."

शेवंतीनं हात जोडले. क्षमा सरकून माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मला आनंद झाला. हो, झाला! नातीची हाडं काचेची आहेत असं कुणी सांगतंय आणि आजीला आनंद होतोय. माझी मुलगी सुटली होती, मी सुटले होते.

डॉक्टरीणबाईंनी बाळाची पापणी वर करून दाखवली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता, निळसर होता. पातळ ताकाला असतो ना, तसा. "हे ह्या आजारात असतं. आणि हा घराण्यातून येतो. एखाद्यात थोडा, एखाद्यात जास्त." त्यांनी क्षमाचे डोळे बघितले, नाही म्हणून मान हलवली. अनंतरावांचे बघितले आणि दिवा जवळ ओढला. "तुमचं कधी हाड मोडलं होतं?"

"लहानपणी हात मोडला होता," अनंतराव म्हणाले. "बाबांनी पिरगळला होता."

"परत कधी?"

"दोनदा. पण तेव्हा मी पडलो होतो. ओट्यावरून."

"तेव्हा बाबा जवळ होते?"

"नाही. तेव्हा आम्ही मामाकडे राहत होतो. आईनं मला घेऊन घर सोडलं होतं, त्या हातामुळेच." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. स्वतःचंच वाक्य माणूस पहिल्यांदा ऐकतो ना, तसे ते आईकडे वळले.

ह्या आमच्या व्याह्यांना, मार्तंडरावांना, मी लग्नात एकदाच पाहिलं होतं. अक्षता टाकून जेवणाआधीच निघून गेलेला माणूस. हवेसाठी मनोरीला असतात, कुणा शेटच्या बंगल्याची वाडी बघतात, असं आम्हाला सांगितलं होतं. हवेसाठी! आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं होतं, एवढी संशयी म्हणवणारी मी.

"आजीबाई, तुमचेही डोळे बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वसुधाबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि त्या बाहेर जाऊन घोडागाडीत बसल्या.

त्यानंतर मुलुंडहून काही निरोप नाही. अनंतराव एकदा येऊन गेले, बाळाला उचलायला मऊ कापसाची उशी घेऊन आले. उशीसकट उचलायचं, काखेत धरायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. "सासूबाई काय म्हणाल्या?" क्षमानं विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. झालं! माझं डोकं फिरलं. आधी मुलगी न्यायची म्हणून हटून बसली होती, आता ठिसूळ हाडांची पोर म्हटल्यावर मुलगीही नको आणि सूनही नको असणार. आळीतल्या बायका कुजबुजायला लागल्याच होत्या. माझ्या मनानं घेतलं, ही बाई आता क्षमाला कायमची माझ्या दारात टाकणार.

आणि एका सकाळी वसुधाबाई दारात उभ्या. एकट्या. हातात एक्सरेचं मोठं तपकिरी पाकीट. डॉक्टरीणबाईंकडून मागून आणलेलं.

"विहीणबाई, माझ्याबरोबर मनोरीला चला."

"कशाला?"

"त्यांना हे दाखवायचंय."

"अनंतरावांना न्या."

"मुलासमोर मला बोलता येणार नाही. तुमच्यासमोर माझी लाज आधीच गेलीय."

"आणि आमच्या क्षमाचं काय? मुलीचं काय?"

"ते नंतर," त्या म्हणाल्या.

नंतर! म्हणजे नवऱ्याचं मत घेऊन सुनेला टाकायचं, हेच ना? मी म्हटलं, चल बाई, मी येतेच. दोघांच्या तोंडावर बोलते. पायांत चपला सरकवल्या आणि निघाले भांडायच्या तयारीनं.

मालाडहून बसनं मार्व्याला गेलो. तिथून तरीच्या होडीत बसलो. खाडी ती केवढीशी, पलीकडचे माड मोजता येतील एवढी. एवढंसं पाणी ओलांडायला ह्या बाईला मुलाचं सगळं लहानपण पुरलं नाही. माशांच्या पाट्या, दोन कोळणी आणि आम्ही. वसुधाबाई पाकीट मांडीवर उभं धरून बसल्या होत्या.

मधेच त्यांनी पदर मागे टाकला आणि तोंड उन्हाकडे केलं. "माझे डोळे बघा."

"मी काय डॉक्टर आहे?"

"बघा हो. घरात कुणाला विचारू? आरशात मला काही कळत नाही. तुम्ही खोटं बोलणार नाही. माझ्यावर दया करायचं तुम्हाला काही कारण नाही."

मी पुढे वाकून बघितलं. खरं सांगते, त्या वेळी माझ्या तोंडात किती शब्द गोळा झाले होते! भरल्या घरात माझ्यावर बोट ठेवलंस ना? माझ्या पोरीच्या कुशीतनं बाळ ओढत होतीस ना? आता ऐक. पण ते डोळे इतके घाबरलेले होते, की माझे सगळे शब्द घशातच राहिले.

"निळसर आहेत," मी म्हटलं. "बाळासारखेच."

त्यांनी मान हलवली. पदर परत कपाळावर घेतला नाही. पलीकडचा किनारा येईपर्यंत त्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे.

मार्तंडराव चिकूच्या झाडांना आळी करत होते. आम्हाला बघून त्यांनी कुदळ खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "या," म्हणाले. तेही मला उद्देशून. बायकोकडे त्यांनी बघितलं नाही. चटई आणायला वळले तशा वसुधाबाई उभ्यानंच बोलल्या.

"थांबा. आधी हे बघा."

त्यांनी फिल्म काढून दिली. मार्तंडरावांनी ती आभाळाकडे धरली. उलटी धरली होती, मी सरळ करून दिली.

"कुणाचं हे?"

"तुमच्या नातीचं. पोटातच हाडं मोडली तिची. कुणी हात न लावता. अनंतलाही तेच आहे." वसुधाबाई थांबल्या. त्यांनी रिकामं पाकीट छातीशी धरलं. "त्याचा हात तुम्ही मोडला नव्हतात. तुम्ही सांगत होतात, मी नुसतं धरलं. ते खरं होतं. आणि हे दुखणं तुमच्याकडनं नाही आलं. माझ्याकडनं आलंय."

मी मनात म्हटलं, आता हा माणूस काय बोलेल? बोलू दे. वाटेल ते बोलू दे. मी त्यांच्या जागी असते तर काय काय बोलले असते! मुलगा नेलास, घर नेलंस, गावभर मला कसाई केलंस. मी वाट बघत राहिले. मार्तंडराव फिल्मकडेच बघत होते. एवढीएवढीशी ती हाडं, उदबत्तीच्या काड्यांएवढी. त्यांचा अंगठा गाठीवर जाऊन थांबला.

"दुखतं का गं तिला?" त्यांनी विचारलं. बायकोलाच विचारलं.

"दुखतं," वसुधाबाई म्हणाल्या. "उशीवर घेऊन उचलावं लागतं. मला भीती वाटते. सगळ्यांनाच वाटते. फक्त तिच्या आईला जमतं."

"मग तिला आईपासून काढू नका," मार्तंडराव म्हणाले. "ज्याच्याकडनं काढतात, त्याच्या हातांना मग काही काम राहत नाही."

हे म्हणताना आवाज चढला नाही, टोमणा नव्हता, काही नव्हतं. पण वसुधाबाई खाली बसल्या, तिथेच, ओल्या आळ्याच्या मातीत, चांगल्या लुगड्यानिशी.

"नाही काढत," त्या म्हणाल्या. "नाही हो काढत."

मी भांडायला आले होते. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडले.